एका कंपनीच्या प्लेअरवर दुसऱ्या कंपनीचा व्हिडिओ का चालत नाही?

संग्रहपाल:
आमच्या नाट्यसंस्थेकडे २००१ ते २००६ या काळातील व्याख्याने आणि तालमी साठवलेल्या बऱ्याच सीडी आहेत. त्या वेळी ज्याच्याकडे जो संगणक होता त्यावर त्याने काम उरकले, त्यामुळे काही फाइली रिअलनेटवर्क्स या कंपनीच्या आरएम, काही ॲपलच्या एमओव्ही आणि काही मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएमव्ही प्रकारच्या आहेत. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरवर आरएम उघडतच नाही, काही एमओव्ही फाइलींचा नुसता आवाज येतो आणि चित्र दिसत नाही; मॅकच्या क्विकटाइमला डब्ल्यूएमव्ही चालत नाही. व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या प्लेअरवर मात्र यातले जवळपास सगळे चालते. पदरी हजारो अभियंते असलेल्या कंपन्यांना जे जमत नाही ते एका विनामूल्य प्लेअरला कसे जमते, हा माझा प्रश्न आहे. कंपन्यांना ते खरोखर जमत नाही, की करायचेच नसते?

तारायंत्र:
जमत नाही असे मुळीच नाही. आधी एक खुलासा करतो. आरएम किंवा एमओव्ही हे पाकीट आहे, आणि आतला मजकूर ज्या लिपीत लिहिला आहे ती लिपी म्हणजे कोडेक. एमओव्हीच्या पाकिटाची रचना ॲपलने लपवून ठेवली नव्हती. पुढे एमपी४ चे पाकीट तिच्यावरच बेतले गेले. पण २००१ च्या आसपासच्या एमओव्ही फाइलींमध्ये बहुधा सॉरेनसन व्हिडिओ हा कोडेक असतो आणि त्याचा तपशील कधीच प्रसिद्ध झाला नाही. तुमच्या फाइलींचा आवाज येतो आणि चित्र दिसत नाही, याचे कारण बहुतेक हेच आहे.

फारसे कोणाच्या लक्षात नसलेली गोष्ट अशी की मायक्रोसॉफ्टचा प्लेअर एके काळी प्रतिस्पर्ध्यांच्या फाइली चालवत असे. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने रिअलनेटवर्क्समध्ये पैसे गुंतवले आणि रिअलऑडिओ व रिअलव्हिडिओच्या चौथ्या आवृत्तीचा परवाना घेतला. १९९८ मध्ये रिअलची जी२ ही नवी आवृत्ती आली, दोन्ही कंपन्यांचे बिनसले, मायक्रोसॉफ्टने आपला हिस्सा विकून टाकला आणि तिच्या प्लेअरची रिअलविषयीची समज त्या चौथ्या आवृत्तीपाशीच थांबली. क्विकटाइमचेही तेच झाले: आवृत्ती २.० पर्यंतच्या फाइली विंडोज मीडिया प्लेअरवर चालतात, त्यापुढच्या फाइलींसाठी ॲपलचाच प्लेअर लागेल, असे मायक्रोसॉफ्टच्या मदत-पानावर स्पष्ट लिहिलेले असे.

हे असे का झाले, याचे उत्तर त्या काळच्या धंद्यात आहे. प्लेअर फुकट वाटायचा आणि व्हिडिओ प्रक्षेपित करणारे सर्व्हर सॉफ्टवेअर विकायचे, ही रिअलची कमाई होती; मायक्रोसॉफ्ट तसेच सॉफ्टवेअर विंडोजच्या सर्व्हरबरोबर वेगळे पैसे न घेता देत असे. मायक्रोसॉफ्टने रिअलला परवान्याचे पैसे मोजून नव्या फाइली चालवल्या असत्या, तर रिअलच्या सर्व्हरची विक्री वाढवण्याचा खर्च तिने स्वतःच उचलल्यासारखे झाले असते. स्वतःच्या पैशाने शेजाऱ्याचे दुकान कोण चालवील? रिअललाही आपला प्लेअर लोकांच्या संगणकावर हवाच होता, कारण जाहिराती आणि वर्गणी त्यातूनच यायची. पुढे २००३ मध्ये रिअलने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड करून मीडिया प्लेअर नसलेली विंडोजची आवृत्ती काढायला लावली, आणि २००५ मध्ये रिअलबरोबरचा तंटा ७६.१ कोटी डॉलर्सवर मिटला. एवढे होऊनही आरएम फाइल विंडोजच्या प्लेअरवर चालू लागली नाही ती नाहीच.

कायदेपंडित_नव्हे:
तारायंत्र यांनी सांगितलेला इतिहास बरोबर आहे, पण सगळे खापर वैरावर फोडणे मला पटत नाही. जिथे वैर नाही तिथेही हेच घडते, आणि तिथे कारण असते पेटंटचे शुल्क. विंडोज ८ मधून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चालवण्याची सोय काढली ती डीव्हीडी कोणा शत्रूची होती म्हणून नव्हे, तर प्रत्येक प्रतीमागे परवान्याचे पैसे द्यावे लागत होते म्हणून. एच.२६४ हा व्हिडिओ कोडेक तर खुले आंतरराष्ट्रीय मानक, तरी त्याचा डिकोडर (फाइल उलगडून चित्र दाखवणारा भाग) वर्षाला एक लाखापेक्षा अधिक प्रतींत वाटणाऱ्याला त्यापुढच्या प्रतींसाठी प्रत्येकी २० सेंट आणि ५० लाखांपुढे १० सेंट असा दर लागू होता, अर्थात वार्षिक कमाल मर्यादेसह. कोट्यवधी प्रती विकणाऱ्या कंपनीच्या हिशेबनिसाला प्रत्येक जादा फॉरमॅट हा खर्चच दिसतो.

शिवाय न विचारता आधार दिला तर काय होते याचेही उदाहरण आहे. व्हर्च्युअलडब या विनामूल्य संपादन-प्रणालीत मायक्रोसॉफ्टच्या एएसएफ प्रकारच्या व्हिडिओ फाइली वाचण्याची सोय होती. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या फॉरमॅटवरील आपल्या पेटंटकडे बोट दाखवले आणि ती सोय काढून टाकावी लागली. एकट्याने काम करणारा माणूस माघार घेतो. मोठी कंपनी मुळात तिथे पाऊलच टाकत नाही, कारण तिच्यावर दावा लावला तर वसुलीही मोठी होते.

आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या संगणक-प्रणालीला पेटंट मिळत नाही, म्हणून आपण यातून सुटलो असे समजू नये. डीव्हीडी प्लेअरसंबंधीच्या पेटंटवरून फिलिप्सने भरलेल्या खटल्याचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फिलिप्सच्या बाजूने दिला होता.

संग्रहपाल:
दोघांचेही आभार. पण मग व्हीएलसीला ही शुल्के आणि हे दावे कसे लागू होत नाहीत? आणि एक डब्ल्यूएमव्ही फाइल व्हीएलसीवरही चालत नाही, विंडोजवर उघडली तर परवाना मागते. तिचे काय करावे?

मुळाकाठ:
व्हीएलसीचा जन्म पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या हातून झाला आणि आजही ते चालवणारी ना-नफा संस्था फ्रान्समध्येच आहे. फ्रान्सचा कायदा सॉफ्टवेअरला पेटंटयोग्य मानत नाही, अशी त्या संस्थेची जाहीर भूमिका आहे. प्रती विकल्या जात नाहीत, त्यामुळे प्रतीमागे शुल्क कोणाकडून आणि कसे घ्यायचे हाही प्रश्नच असतो. राहिला तांत्रिक भाग. तो बव्हंशी एफएफएमपेग या प्रकल्पातून येतो. तिथल्या मंडळींनी मूळ प्लेअरच्या यंत्रभाषेतील फाइली उलगडून, एकेक बाइट ताडून पाहत हे कोडेक पुन्हा लिहिले. सॉरेनसनची तिसरी आवृत्ती उलगडली तेव्हा ती एच.२६४ च्या एका कच्च्या मसुद्यावर बेतलेली निघाली! रिअलव्हिडिओच्या शेवटच्या आवृत्त्यांना मात्र बराच वेळ लागला. तोवर लिनक्सवरील प्लेअर रिअलच्याच प्लेअरमधील फाइली उसन्या घेऊन काम भागवत असत.

परवाना मागणारी फाइल ही वेगळी बाब आहे. तिचा कोडेक सर्वांना ठाऊक आहे, पण आतील माहिती कुलूपबंद केलेली आहे आणि किल्ली परवाना देणाऱ्या सर्व्हरकडून येते. तो सर्व्हर बंद झाला असेल तर कोणताही प्लेअर उपयोगाचा नाही. ज्यांनी चित्रीकरण केले त्यांच्याकडे मूळ कॅसेट आहे का, ते विचारावे. बाकीच्या सीडी आधी जशाच्या तशा हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण इतक्या जुन्या सीडी केव्हा दगा देतील सांगता येत नाही. मग एफएफएमपेगने प्रत्येक फाइलची एच.२६४ असलेली एमपी४ प्रत सभासदांसाठी काढावी. मूळ आरएम आणि एमओव्ही फाइली मात्र पुसू नयेत, कारण दर रूपांतरात चित्राचा दर्जा थोडा उतरतो आणि पुढे अधिक चांगली प्रत काढायची झाल्यास ती मूळ फाइलीवरूनच काढावी लागेल.