मेंदीचे कुंपण बुंध्याशी उघडे पडले आहे. पावसाच्या तोंडावर खरड छाटणी करावी का?

नमस्कार. नागपुरात बेसा भागात आमचे घर असून तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घरासमोर चाळीस फूट लांबीचे मेंदीचे कुंपण लावले. त्याआधी मुलीकडे इंग्लंडमध्ये बीच नावाच्या झाडाचे कुंपण पाहिले होते. तांबूस वाळकी पाने हिवाळाभर अंगावर धरून उभे राहणारे ते झाड मनात भरले होते, परंतु ते थंड प्रदेशातले. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या उन्हात ते तगणार नाही हे उघड होते. मेंदी मात्र या उन्हाला बधत नाही.

चूक लावणीनंतर झाली. उंची लवकर मिळावी म्हणून मी पहिली दोन वर्षे शेंडे खुडलेच नाहीत. शेंडा खुडला की खालचे डोळे फुटतात, हे उशिरा समजले. आज कुंपण पाच फूट झाले आहे, पण खालचे दीड फूट नुसत्या काड्या आहेत आणि वरचा घेर रुंद असल्यामुळे तिथे ऊनही पोहोचत नाही. नखाने साल खरवडून पाहिली; बुंध्यापर्यंत आत हिरवे आहे, म्हणजे जीव आहे.

आमचा माळी सगळी झाडे एकदम एक फुटावर आणण्यास, म्हणजे खरड छाटणी करण्यास सांगतो. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून पहिला चांगला पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनच्या मध्यानंतर, ही छाटणी करावी असे मला वाटते, कारण आता छाटल्यास उघडे पडलेले खोड उन्हाने भाजेल. एकाच वेळी सर्व छाटावे की एकाआड एक झाड यंदा आणि उरलेली पुढच्या वर्षी?

दुसरी अडचण फाटकाजवळच्या दहा फुटांची आहे. जमीन काळी, चिकण. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात पाणी साचते. मागच्या ऑगस्टमध्ये तिथली चार झाडे पिवळी पडली. उपटून पाहिले तर मुळे काळी पडून कुजकट वास येत होता आणि त्यांची साल बोटांत सुटून आली. तिथे खड्ड्यात गिट्टी भरावी असे एकाने सुचवले, पण काळ्या मातीत पाण्याला बाहेर वाट नसेल तर तो खड्डा विहिरीसारखाच भरून राहील, असे मला वाटते. त्याऐवजी मुरूम व शेणखत मिसळून फूटभर उंच वरंबा केला आणि त्यावर नवी रोपे लावली, तर जुन्या झाडांच्या शेजारी ती जोर धरतील का?

मेंदी काढून दुरांटा लावण्याचा सल्लाही मिळाला आहे, पण तो मला नको आहे. नागपंचमीला गल्लीतल्या मुली याच कुंपणाची पाने वाटायला नेतात. काळ्या जमिनीत ज्यांनी अशी खरड छाटणी केली आहे, त्यांनी बुंध्यापासून नवे फुटवे यायला किती दिवस लागले आणि यंदाच्या नागपंचमीपर्यंत ओंजळभर तरी पाला मिळेल का, हे कृपया कळवावे.