प्रति: ०-२५ किलोची कन्व्हर्टिबल सीट तीन महिन्यांच्या बाळाला

गाडीतल्या कन्व्हर्टिबल सीटबद्दल (मुलांची सीट, आधी मागे आणि मोठं झाल्यावर पुढे तोंड करून लावता येणारी) "खोक्यावर ०-२५ किलो लिहिलंय म्हणजे तीन महिन्यांच्या बाळालाही बसते" असं वर कुणी म्हटलंय, ते पटत नाही. वजनाइतकीच खांद्याची उंची बघायला हवी. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. काही सीटची पट्टा ओवायची सगळ्यात खालची खाचच लहान बाळाच्या कानाशी येते. मग पट्टा कितीही ओढा, धडकेत बाळ वर सरकतं. म्हणून दुकानात बाळाला बसवून बघाच, सीटसोबतची नवजात बाळाची गादी लावून. पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी चिमटीत येता कामा नये. डिसेंबरात स्वेटर काढून पट्टे लावा, पांघरूण वरून घाला. जाड कपड्याने पट्टा घट्ट वाटतो, पण आत सैल असतो.

आणखी एक, कलतेपणाची खूण (सीट किती मागे कलली आहे ते दाखवणारी) गाडी सपाट जमिनीवर असतानाच बघा. पुण्यात बावधन-कोथरूडकडे पार्किंग बऱ्याचदा उतारावर असतं, तिथे ती फसवते. सीट उभी राहिली तर झोपेत मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकते, श्वास अडू शकतो. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर तर ही मागे तोंड केलेली सीट कधीच लावू नका.