अनुभव धागा: मजकुरातून आकृत्या, मराठी साइटवर कशा जमल्या?

मंडळी, ह्यूगो, जेकिल किंवा तसलंच काही वापरून स्टॅटिक साइट (आधीच तयार करून ठेवलेल्या पानांची साइट) चालवणारे इथे बरेच आहेत. माउसने चौकोन ओढत बसण्याऐवजी चार ओळी लिहून आकृती मिळवायची सोय मरमेड, ग्राफविझ, प्लांटयूएमएल यांनी कधीच करून दिलीय. पण त्यांची उदाहरणं इंग्रजी लेबलांची. आपल्या लेबलांना काना-मात्रा असतात, आणि खरी मजा तिथून सुरू होते. काय वापरता, कशाला रामराम ठोकलात, सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गिटहबने (कोड ठेवायची साइट) २०२२मध्ये मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांच्या मजकुरात, मरमेड दाखवायला सुरुवात केली, म्हणून मी लेखात आकृती टाकली. गिटहबवरच्या रेपोत (प्रकल्पाच्या फोल्डरात) झकास दिसते, आणि साइटवर नुसता कोड! तिथे मरमेडची जावास्क्रिप्ट आपली आपणच जोडावी लागते. ह्यूगोत त्यासाठी कोडब्लॉकचा रेंडर हुक (तो कोड पानावर कसा दाखवायचा हे सांगणारा छोटा टेम्प्लेट) लिहिला की काम होतं, आणि ज्या पानावर आकृती आहे तेवढ्यावरच लायब्ररी लोड करता येते.

पुणे, सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिका लिहिते

आधीच्या नोकरीत सगळ्या आकृत्या पीएनजी. मूळ फाइल कुणाच्या तरी लॅपटॉपवर, आणि तो माणूस कंपनी सोडून गेलेला. एका चौकोनाचं नाव बदलायचं तर अख्खी आकृती नव्याने. आता गिटच्या (फाइलींचे बदल नोंदवणारं साधन) डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्याच्या तुलनेत, बदललेली ओळ थेट दिसते. एवढ्यासाठी मी मरमेडचे बाकीचे नखरे सहन करते.

सातारा, इतिहासाचा ब्लॉग

मी वंशावळींसाठी ग्राफविझ वापरतो. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतून १९९०च्या दशकात आलेलं जुनं साधन, पण पिढ्या एका रांगेत बसवण्यात त्याचा हात धरणारं मला दुसरं सापडलं नाही. पेशव्यांचं भट घराणं लिहायला घेतलं:

"बाजीराव" -> "रघुनाथराव"
"रघुनाथराव" -> "बाजीराव"

ग्राफविझला नाव हीच ओळख. पहिले आणि दुसरे बाजीराव त्याने एकच धरले आणि बाण फिरून वर गेला. थोरले बाजीराव स्वतःचेच नातू! उपाय सोपा आहे: ओळख वेगळी (बा१, बा२), लेबल वेगळं. पेशव्यांच्या घरात हे करावंच लागतं, कारण दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र पुन्हा नानासाहेबच. दत्तकासाठी तुटक रेघ देता येते, ती मला फार आवडते.

एसव्हीजी (रेघांच्या स्वरूपातली चित्रफाइल) मी बिल्डच्या, म्हणजे साइटची पानं तयार होण्याच्या, वेळीच बनवतो, वाचकाच्या ब्राउझरवर भार नाही. फक्त बिल्ड सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकून ठेवा. नसेल तर पीएनजीत अक्षरांऐवजी रिकामे डबे येतात.

ठाणे, फ्रंटएंड

मरमेडमध्ये मराठी लेबलांची शेवटची अक्षरं कापली जातात, असं कुणाला होतंय का? कारण सांगतो. मरमेड आधी मजकुराची रुंदी मोजतं, मग चौकोन आखतं. तुमचा वेबफॉन्ट (साइटवरून उतरणारा फॉन्ट) उशिरा आला तर मोजणी बदली फॉन्टवर होते आणि ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ चौकोनाबाहेर डोकावतं. मरमेडची आपोआप सुरुवात बंद करा, फॉन्ट लोड झाल्याची खात्री झाल्यावर स्वतः सुरू करा. आणि लेबलात कंस असेल तर लेबल अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर आकृतीऐवजी एरर.

नागपूर

वरच्यांना +१. फॉन्टचाच घोळ होता. तासाभरात सुटला, धन्यवाद.

कोल्हापूर, शिक्षक

मला ह्यूगोतल्या गोट या आकृती-सोयीचा मोह पडला होता: रेघा, अधिकची चिन्हं, बाण टाइप करायचे आणि त्याचं एसव्हीजी होतं. इंग्रजीत देखणं. मराठीत मात्र सगळा खेळ बिघडतो, कारण ते प्रत्येक चिन्हाला एक घर देतं. ‘क्षेत्र’ या शब्दात युनिकोडची सात चिन्हं आहेत, डोळ्यांना अक्षरं दोनच. उजवीकडची भिंत एडिटरमध्ये सरळ केली की चित्रात वाकडी. मुलांच्या पानांसाठी मी ते सोडून दिलं.

बंगळुरू

थोडा विरोधी सूर. प्रवाह, पायऱ्या, वंशावळ ठीक आहे. पण मी विहीर पुनर्भरणाची आकृती करत होतो: गाळणखड्डा डावीकडे, विहीर उजवीकडे, जमिनीची पातळी मध्ये. एक चौकोन वाढवला की मरमेड सगळी मांडणी नव्याने करतं, विहीर हवी तिथे राहत नाही. जिथे जागेलाच अर्थ आहे तिथे मी इंकस्केप (हाताने चित्र काढायचं सॉफ्टवेअर) उघडतो. फाइल एसव्हीजीच, म्हणजे गिटमध्ये राहतेच.

पुणे (पुन्हा मीच)

एक राहिलं. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना आकृतीतले बाण कळत नाहीत. मरमेडमध्ये आकृतीचं शीर्षक आणि वर्णन कोडमध्येच लिहायची सोय आहे. ते मराठीत लिहा, आणि पानाची भाषा मराठी आहे हे एचटीएमएलमध्ये नोंदवा, नाहीतर काही रीडर इंग्रजी आवाजात वाचायला जातात. साताऱ्याच्या दादांनी वंशावळीखाली साधी यादीही दिली तर फार बरं होईल.

सातारा

देतो. ग्राफविझच्याच फाइलीतून यादी काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहितोय, झाली की इथेच टाकतो.