लातूरमधल्या बागेसाठी मदत हवी आहे: लॉन काढून काय लावू?

नमस्कार मंडळी. घरासमोर साधारण ४०० चौरस फूट लॉन आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावात हिरवळ पोसणं मला पटत नाही, म्हणून या पावसाळ्याआधी ती काढतोय. बोगनवेल, सदाफुली, कोरफड एवढं ठरलंय. अडचण काळ्या मातीची: उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. कोरफड कुजू नये म्हणून वाफे उंच करून मुरूम मिसळला तर पुरेल का? आच्छादनाला उसाचं पाचट फुकट मिळतंय, पण भिंतीलगत वाळवीची भीती वाटते. आणि आरओचं वाया जाणारं खारट पाणी यातल्या कोणत्या झाडाला चालेल? (खडी पसरा म्हणू नका, मे महिन्यात घराची भट्टी होते.) मराठवाडा-सोलापूरकडच्यांनी अनुभव जरूर सांगावा.