परिसमापनात धनको समितीचं चालतं तरी किती? (पुरवठादाराच्या बाजूने प्रश्न)

हिशेबनीस_चाकण · 9 डिसेंबर 2024

वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीच्या परिसमापनाचा (कंपनी गुंडाळून मालमत्ता विकण्याचा) आदेश एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाने 2 डिसेंबरला काढला. मी ज्या फाउंड्रीचे हिशेब बघतो, ती तिला कास्टिंग पुरवत होती. येणं 1 कोटी 14 लाख. त्यातले 96 लाख परिसमापनाआधी कंपनी सांभाळणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलने मान्य केले होते. मान्य दावे ढोबळमानाने असे: मोठी बँक 62 कोटी, दुसरी बँक 18, सगळे पुरवठादार मिळून 11, विक्रीकर 6, कामगार 3. म्हणजे बरोबर 100.

आधीच्या सीओसीत (धनको समितीत) मतं फक्त दोन बँकांना होती. पुरवठादारांचा एक प्रतिनिधी नुसता ऐकायला बसायचा. आता लिक्विडेटर (मालमत्ता विकून पैसे वाटणारा) आल्यावर ही समिती राहते की जाते? आम्हाला मत मिळतं का, आणि मिळालं तर त्याचा उपयोग काय? जेट एअरवेजच्या 7 नोव्हेंबरच्या निकालापासून “आता समितीचं काही चालत नाही” असंही कानावर येतंय.

---

कलम_तेहेतीस · 9 डिसेंबर 2024

जेटचा निकाल बाजूला ठेवा. कंपनी वाचवायची मंजूर झालेली योजना अमलात आली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिथे परिसमापन लावलं. परिसमापनातल्या समितीच्या अधिकारांशी त्याचा काही संबंध नाही.

तुमच्या प्रकरणात सीओसी लगेच जात नाही, तिचा फक्त हुद्दा उतरतो. परिसमापन विनियमांतल्या 31अ प्रमाणे पहिले 60 दिवस जुनी सीओसीच सल्ला समिती म्हणून काम बघते, जुन्याच मतांच्या प्रमाणात. मग मान्य दाव्यांवरून नवी समिती बसते. व्यवहारात तिला सगळे एससीसीच (स्टेकहोल्डर्स कन्सल्टेशन कमिटी) म्हणतात. तिच्यात सगळे धनको येतात आणि प्रत्येकाचं मत त्याच्या मान्य दाव्याइतकं. पुरवठादार, कामगार, सरकारी खाती यांनी आपापल्या वर्गातून प्रतिनिधी पाठवायचा. तुमचे 60 दिवस 31 जानेवारीला भरतात.

खरा फरक पुढे आहे. सीओसीत योजनेला 66 टक्के मतं मिळाली नाहीत की विषय संपला. त्या व्यावसायिक निर्णयात न्यायाधिकरणही सहसा हात घालत नाही. एससीसी मात्र फक्त सल्ला देते, आणि तो लिक्विडेटरवर बंधनकारक नाही. पण सल्ला डावलायचा तर त्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात, त्या निर्णयाची कागदपत्रं 5 दिवसांत एनसीएलटी आणि आयबीबीआय (दिवाळखोरी मंडळ) दोघांकडे द्यावी लागतात आणि पुढच्या तिमाही अहवालातही ते लिहावं लागतं. ही लेखी कारणं कोणत्याच लिक्विडेटरला आवडत नाहीत. समितीचा वचक आहे तो इथेच.

आधी दाव्याचं बघा. परिसमापनात दावा नव्याने भरतात, मुदत 30 दिवस, म्हणजे 1 जानेवारीपर्यंत. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे जुनाच फॉर्म जोडणं. आधीच्या प्रक्रियेत पुरवठादाराचा फॉर्म ‘बी’ होता, परिसमापनात तो ‘सी’ आहे. दावा भरलाच नाही तर जुना नोंदलेला आकडा लिक्विडेटर तपासायला घेतो, पण तुमचे उरलेले 18 लाख त्यात आपोआप येत नाहीत. ते हवे असतील तर बिलं, माल पोचल्याच्या सही-शिक्क्याची चलनं आणि खातेउतारा जोडून पूर्ण 1 कोटी 14 लाखांचा दावा टाका. नामंजूर झाला तर कळल्यापासून 14 दिवसांत दिवाळखोरी संहितेच्या कलम 42 खाली अपील. ही मुदत फार लोक चुकवतात.

---

आकडेमोड · 10 डिसेंबर 2024

मताचा उपयोग काय, याला तुमचेच आकडे लावून बघू.

सल्ला ठरतो हजर राहून मत देणाऱ्यांच्या 66 टक्क्यांनी. सीओसीत गैरहजर माणूस ठरावाच्या विरोधात गेल्यासारखाच असतो, कारण तिथे टक्केवारी एकूण मतांवर काढतात. इथे गैरहजर माणूस हिशेबातूनच उडतो. म्हणून:

दोन बँकाच आल्या तर 80 पैकी 62, म्हणजे 77.5 टक्के. मोठी बँक एकटी ठराव काढते.
पुरवठादार सोडून सगळे आले तर 89 पैकी 62, 69.7 टक्के. अजूनही एकटीच.
सगळे आले तर 100 पैकी 62. आता तिला कोणाला तरी सोबत घ्यावं लागतं. कामगार घेतले तरी 65, भागत नाही.
फक्त विक्रीकर खातं आलं नाही तर 94 पैकी 62, म्हणजे 65.96 टक्के. चार शतांश टक्क्यांसाठी ठराव अडतो.

त्यामुळे तुमच्या 11 कोटींच्या गटाची किंमत बऱ्याचदा नुसती हजर राहण्यात आहे.

आणखी एक खाच. तारण असलेल्या बँकेला कलम 52 ने दोन वाटा असतात: तारण परिसमापनाच्या मालमत्तेत सोडायचं किंवा स्वतः विकायचं. आदेशापासून 30 दिवसांत कळवलं नाही तर सोडलं असं धरतात. जी बँक सोडत नाही ती समितीतही बसत नाही. समजा 18 कोटीवाल्या बँकेने यंत्रं स्वतः विकायला घेतली. मग एकूण उरले 82, आणि सगळे आले तरी मोठ्या बँकेकडे 75.6 टक्के. 2 जानेवारीला लिक्विडेटरला पहिला प्रश्न हाच विचारा: तारण कोणी सोडलं?

पैशांचं मात्र स्पष्ट सांगतो. समजा सगळं विकून 40 कोटी आले आणि खर्च 2 कोटी. उरले 38. दोन्ही बँकांनी तारण सोडलं असेल तर कलम 53 मध्ये त्या आणि कामगारांची शेवटच्या 24 महिन्यांची देणी एकाच पायरीवर. 83 कोटींत 38, म्हणजे रुपयाला साधारण 46 पैसे. पुरवठादार त्याच्या बऱ्याच खाली. तुमच्या पायरीपर्यंत पाणी पोचत नाही.

---

गाळा_नंबर_बारा · 10 डिसेंबर 2024

वरच्या हिशेबात ‘खर्च 2 कोटी’ म्हटलंय तिकडे समितीने डोळे ठेवायचे असतात. मोठे ठराव सगळे वाचतात, खर्चाच्या ओळी कोणी वाचत नाही. कारखान्याच्या गेटवर तीन पाळ्यांचे सुरक्षारक्षक, विमा, वीज आणि वकील. समजा महिन्याला 4 लाख. वर्षात 48 लाख गेले, तेही सगळ्यांच्या आधी. परिसमापन एका वर्षात उरकायचं असा नियम आहे, पण लिलाव दोनदा फसला की मुदतवाढीचा अर्ज येतो आणि रक्षकांचं बिल चालूच राहतं.

लिक्विडेटरची फी सीओसीने आधी ठरवली नसेल तर ती पहिल्या बैठकीत समिती ठरवते. त्याने नेमलेल्या व्यावसायिकांच्या मानधनावरही समितीचा सल्ला घ्यावा लागतो. लिलावाची पद्धत, राखीव किंमत, इसाऱ्याची रक्कम, जाहिरात कुठे द्यायची, हेही समितीपुढेच. राखीव किंमत खाली आणायचा विषय आला की मूल्यांकन कशावर बेतलंय ते विचारा. जुन्या प्रक्रियेतलंच असेल आणि मधल्या काळात यंत्रं गंजली असतील, तर तो आकडा कागदावरच राहतो आणि पहिला लिलाव ओस पडतो. समितीने सल्ला दिला तर लिक्विडेटरला नवे मूल्यांकनकार नेमावे लागतात.

जागा एमआयडीसीची असेल तर ती भाडेपट्ट्याची. हस्तांतर शुल्क आणि थकलेली पाणीपट्टी कोण भरणार, हे जाहिरातीत मोघम ठेवलं की खरेदीदार नंतर अडून बसतो. उरलेली रक्कम भरायला त्याला 90 दिवस असतात, 30 दिवसांनंतर 12 टक्के व्याज. त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर विक्री रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून. हा मुद्दा पहिल्या जाहिरातीआधीच्या बैठकीत इतिवृत्तात घालून घ्या, नंतर बोलून उपयोग नाही.

---

हिशेबनीस_चाकण · 11 डिसेंबर 2024

आभार. 2 जानेवारीची तारीख लिहून ठेवली. एवढंच की, हातात काही पडणारच नसेल तर मालकांना बैठकीला बसा असं कोणत्या तोंडाने सांगू? आणि लिक्विडेटर ऐकतच नसेल तर?

---

कलम_तेहेतीस · 11 डिसेंबर 2024

ऐकतच नसेल तर समिती कारणं नोंदवून 66 टक्क्यांनी तो बदलायचा ठराव करू शकते. मग नव्या माणसाची लेखी संमती फॉर्म ‘एए’ मध्ये घेऊन एनसीएलटीकडे अर्ज. पण तुमच्या आकड्यांत मोठ्या बँकेशिवाय हे जमणार नाही, त्यामुळे ती धमकी पुरवठादारांनी देऊ नये.

बसायचं कारण वेगळं आहे. प्रवर्तकांनी बुडण्याआधी माल किंवा पैसे दुसरीकडे वळवले असतील तर कलम 43, 45 आणि 66 खालचे अर्ज कुठवर आलेत, हे बैठकीतच कळतं. ते पुढे कसे चालवायचे यावरही समितीचा सल्ला घेतात, आणि कोणत्या महिन्यात माल अचानक कोणत्या नव्या फर्मला जाऊ लागला हे बँकेपेक्षा पुरवठादाराला जास्त ठाऊक असतं. तुमच्याकडची चलनं त्या दृष्टीने एकदा चाळा.

आणि मालकांना सांगा की परिसमापन संपायची वाट न बघता 96 लाख या मार्चअखेरीस पुस्तकात बुडीत म्हणून लिहून टाका. आयकरात कलम 36 ची वजावट पुस्तकात लिहिल्यावर मिळते; जीएसटी मात्र भरला तो गेला. दावा तरीही चालू ठेवता येतो. पुढे काही आलंच तर त्या वर्षी उत्पन्न दाखवायचं.