पहिल्या पानासाठी अख्खं ॲप कशाला उतरवायचं?

रानवाट (धागाकर्ता)

टीममध्ये एका मुद्द्यावर खडाजंगी चालू आहे, म्हणून इथे मांडतो. आमचं शेतमालाच्या बाजारभावाचं वेब ॲप आहे. शेतकरी येतो, पीक निवडतो, बाजार समिती निवडतो, भाव दिसला की त्याचं काम झालं. पण त्या एका आकड्यापायी त्याच्या फोनवर आलेखांची लायब्ररी, व्यापाऱ्यांचं बिलिंग आणि ॲडमिन पॅनेलसुद्धा उतरतं. सगळं जावास्क्रिप्ट एकाच बंडलमध्ये, म्हणजे एकाच मोठ्या फाइलमध्ये!

साधा हिशोब करू. गूगलचं वेग तपासायचं साधन लाइटहाउस मोबाइल चाचणीत सेकंदाला १.६ मेगाबिट वेग धरतं. त्या वेगाने १ एमबीची फाइल यायलाच ५ सेकंद लागतात. त्यानंतर स्वस्तातल्या अँड्रॉइडने ती उलगडायची, पार्स करायची (वाचून समजून घ्यायची), चालवायची. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा हा गूगलचा निकष मग कुठल्या कुठे राहतो.

राउटप्रमाणे कोड स्प्लिटिंग, म्हणजे पानागणिक कोडचे तुकडे करून लागेल तोच उतरवणं, पहिल्या दिवसापासून असलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. रिॲक्ट या लायब्ररीत त्यासाठी लेझी आणि सस्पेन्स २०१८ पासून आहेत, गरज पडेल तेव्हा कोड मागवणारा डायनॅमिक इम्पोर्ट ईएस२०२० पासून जावास्क्रिप्टच्या मानकातच आहे. अजून कशाची वाट बघायची?

पाटावरचं_पाणी

मी विरोधात आहे. वेग कमी असणं आणि नेटवर्क लांब असणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि तुम्ही एकीचाच हिशोब केलात. त्याच लाइटहाउसमध्ये प्रत्येक फेरीला, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला, १५० मिलिसेकंद धरतात. आधी मुख्य फाइल आली, ती चालल्यावर कळलं की भावाच्या पानाचा तुकडा हवा, तो आल्यावर कळलं की त्याला आणखी एक तुकडा हवा, आणि डेटाची मागणी त्याच्याही नंतर. एकामागून एक फेऱ्या. एचटीटीपी/२ या प्रोटोकॉलमुळे बऱ्याच फाइल एका वेळी येतात हे खरं, पण कुठली फाइल हवी हेच उशिरा कळलं तर त्याचा उपयोग काय?

शिवाय बारीक तुकडे कॉम्प्रेसही नीट होत नाहीत. मोठ्या फाइलमध्ये जी पुनरावृत्ती ब्रॉटलीला (फाइल आकसवणाऱ्या पद्धतीला) सापडते, ती तुकड्या-तुकड्यांत सापडत नाही.

आणि डिप्लॉयमेंट, म्हणजे नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणं? सकाळी कुणी ॲप उघडलं, दुपारी तुम्ही नवी आवृत्ती चढवली. फाइलच्या नावातला हॅश (मजकुरावरून बनणारी खूण) बदलला, जुनी फाइल सर्व्हरवरून गेली. संध्याकाळी त्याने आलेखावर बोट टेकवलं की पांढरा पडदा. चंक लोड एरर, म्हणजे तुकडा सापडलाच नाही. एका बंडलमध्ये ही भानगडच नव्हती.

सुगरण_बंडलर

दोघांनाही विचारते, तोडण्याआधी आत काय भरलंय ते पाहिलंत का? क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये कव्हरेज टॅब उघडा, पान रीलोड करा. न चाललेला कोड लाल पट्टीत दिसतो. तारखेसाठी कुणीतरी मोमेंट ही लायब्ररी आणलेली असते, आणि बंडल बांधणारं वेबपॅक काही न सांगता तिच्या सगळ्या भाषांच्या फाइलही बांधून देतं. नव्या प्रकल्पात मोमेंट घेऊ नका, हे ती बनवणाऱ्यांनीच २०२० मध्ये सांगितलंय. मराठीत तारीख दाखवायला ब्राउझरमध्ये आधीच असलेली इंटल ही सोय पुरते. नको ते आधी फेका, मगच उरलेलं तोडायचं की नाही ते ठरवा.

रानवाट

@सुगरण_बंडलर, मान्य, पण ॲडमिन पॅनेल फेकता येत नाही. ते लागतं, फक्त शेतकऱ्याला लागत नाही.

@पाटावरचं_पाणी, फेऱ्यांच्या साखळीवर मॉड्यूल प्रीलोड (तुकडा आधीच मागवून ठेवणं) हा उपाय आहे. कुठल्या पानाला कुठला तुकडा लागतो हे बिल्डच्या वेळीच माहीत असतं, तेव्हा एचटीएमएलमध्येच सांगून टाका. डिप्लॉयमेंटसाठी जुने तुकडे काही आठवडे सर्व्हरवर राहू द्या. एचटीएमएल दर वेळी ताजं तपासलं जावं, हॅश असलेल्या फाइल वर्षभर कॅशमध्ये, म्हणजे फोनवरच्या साठ्यात, राहाव्यात. तरीही तुकडा चुकला तर व्हीट या बिल्ड साधनाचा प्रीलोड एरर इव्हेंट (तुकडा न आल्याची सूचना) पकडून पान एकदाच रीलोड करा. एकदाच, नाहीतर ते चक्रात अडकतं. आणि एका बंडलचा तोटा बघा: बिलिंगमधली एक ओळ बदलली की प्रत्येक शेतकऱ्याने अख्खी फाइल पुन्हा उतरवायची.

पाटावरचं_पाणी

हा शेवटचा मुद्दा वजनदार आहे. पण तुमच्याच शेतकऱ्याचं घ्या. घरी रेंज आहे तेव्हा ॲप उघडलं, मग तो रानात गेला. तिथे रेंज नाही. एका बंडलमध्ये निदान पुढची स्क्रीन उघडते, आधी बघितलेले भाव दिसतात. तुकड्यांत तीही उघडत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. वेगाच्या नादात हाताशी आलेलं काढून घेऊ नका.

रानवाट

त्यासाठी सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये पानामागे चालणारी स्क्रिप्ट, हवा. भाव दिसून झाले, फोन मोकळा झाला की बाकीचे तुकडे मागून गुपचूप कॅशमध्ये भरायचे. डेटा सेव्हर चालू असेल तर थांबायचं, कारण त्या डेटाचे पैसे शेतकरी भरतो.

पाटावरचं_पाणी

म्हणजे शेवटी सगळं उतरवायचंच आहे, फक्त भाव आधी दाखवून. तसं असेल तर ॲडमिन आणि बिलिंग वेगळं करायला माझी हरकत नाही. भाव, पीक निवड आणि बाजार समितीची यादी मात्र एकाच तुकड्यात ठेवा. तिथे बटणागणिक लेझी लावलंत तर कोड रिव्ह्यूमध्ये मी पुन्हा अडवणार.