मदत हवी आहे: वडिलांना न्यूमोनियाची लस, नाशिकमध्ये कुठे द्यावी?

नमस्कार मंडळी. वडील ७१ वर्षांचे, सिडकोत राहतात. मधुमेह आहे, शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. गेल्या थंडीत न्यूमोनियाने ऍडमिट करावं लागलं, फार हाल झाले त्यांचे. यंदा गारठा वाढायच्या आत लस द्यायचीच आहे.

डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले: आधी न्यूमोनियाच्या जंतूच्या १३ प्रकारांवरची आणि वर्षभराने २३ प्रकारांवरची, नाहीतर २० प्रकारांवरची एकच. ही २० वाली इथे कुणाला मिळाली का?

खरी काळजी साठवणीची. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, गोठली की वाया. जवळच्या मेडिकलमध्ये ती कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्याला टेकलेली दिसली. तिथून घ्यायची हिंमत होत नाही. इंदिरानगर किंवा गंगापूर रोडला फ्रीजचं तापमान रोज नोंदवणारा, लस तिथेच देणारा दवाखाना सुचवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याने दंडाच्या स्नायूत बारीक सुईने टोचून, न चोळता दोन मिनिटं दाबून धरणारं आणि नंतर १५ मिनिटं बसवून ठेवणारं माणूस हवं.

फ्लूची लस त्याच दिवशी दुसऱ्या दंडावर घेतलेल्यांनीही अनुभव सांगा. दर कळला तर बरं.